मालकाला विचारलं होतं का?

सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातल्या चिमणगावचा जरंडेश्वर सहकारी साखर कारखाना २०१० मध्ये ६५ कोटी ७५ लाखांना विकला गेला. विकणारी महाराष्ट्र राज्य सहकारी बँक. घेणारी गुरू कमोडिटी सर्व्हिसेस ही खासगी कंपनी. ज्या सभासदांनी भाग घेऊन, ऊसबिलातून पैसे कापून देऊन हा कारखाना उभा केला, त्यांच्या एकाही सहीची या व्यवहाराला गरज पडली नाही. कायद्यानेच पडत नव्हती. माझा राग पहिल्यांदा त्या कायद्यावर आहे आणि मग तो मुकाट्याने चालू देणाऱ्या आपल्या सगळ्यांवर.

सरकारी कंपनी विकायला निघाली की देशभर गलका होतो. खासगीकरण म्हणा, निर्गुंतवणूक म्हणा, संसदेत प्रश्न येतात, संघटना रस्त्यावर येतात, महालेखापरीक्षक कागद तपासतात. खासगी कंपनी सरकार ताब्यात घेऊ लागलं तर त्याला राष्ट्रीयीकरण म्हणतात, आणि त्यासाठी कायदा करावा लागतो. सहकारी कारखाना खासगी होतो तेव्हा यातलं काहीच होत नाही. वर्तमानपत्रात जाहिरात येते, निविदा उघडतात, गेटवरची पाटी बदलते. गाव म्हणतं, ‘कारखाना गेला.’ कुणाकडे गेला, कितीला गेला, किंमत कुणी ठरवली, हे गावाला नंतर कळतं. कधी कधी कळतही नाही.

सर्वांत जास्त मालक असलेल्या मालमत्तेला सर्वांत कमी संरक्षण, ही आजची स्थिती आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत ती जितकी उघडी पडली, तितकी क्वचितच कुठे पडली असेल.

कारखाने कुणाच्या पैशाने उभे राहिले

हे दोन जिल्हे १९४९ पर्यंत एकच होते. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच मुलखात चाललं. १९४४ मध्ये धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ इंग्रजांचा खजिना लुटणाऱ्यांत कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी होते. आज कुंडलच्या कारखान्याला बापूंचं नाव आहे. वाळव्याचा कारखाना नागनाथअण्णांनी उभा केला आणि त्याला हुतात्मा किसन अहिर यांचं नाव दिलं. येरवड्याचा तुरुंग फोडून बाहेर आलेल्या किसन वीरांचं नाव भुईंजच्या कारखान्याला आहे. सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना वसंतदादा पाटलांनी उभा केला. इंग्रजांची सत्ता नाकारणाऱ्या माणसांनीच स्वातंत्र्यानंतर खासगी साखर कंपन्यांची मक्तेदारी नाकारली. हा योगायोग नव्हता. आपल्या उसाचा भाव आपण ठरवायचा, हा त्याच लढ्याचा पुढचा भाग होता.

पैसा कुठून आला? वाट प्रवरानगरने दाखवली होती. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून तिथे १९५० मध्ये गाळप सुरू झालं. शेतकऱ्यांनी भाग घ्यायचे, सरकारनेही भागभांडवल घालायचं, कर्जाला सरकारने हमी द्यायची आणि उरलेला पैसा सभासदाच्या ऊसबिलातून हंगामामागून हंगाम कापायचा. परतीची ठेव, बिनपरतीची ठेव हे शब्द ज्याच्या घरात माहीत नाहीत असा ऊसकरी आपल्या पट्ट्यात सापडणार नाही. बापाच्या बिलातून कापलं, मुलाच्या बिलातून कापलं. त्या कपातीतून गव्हाण झाली, बॉयलर आले, डिस्टिलरी आली, पुढे सहवीज प्रकल्पही आले. पगारावर असलेल्या माणसाने भविष्य निर्वाह निधी भरावा तसा ऊसकऱ्याने कारखाना भरला.

सहकार कायदा सभासदाला आणखी एक गोष्ट देतो. भाग कितीही असोत, मत एकच. पन्नास एकरवाल्याचं मत आणि वीस गुंठेवाल्याचं मत सारखं. कंपनीत ज्याचे शेअर जास्त, त्याचा आवाज मोठा. सहकारात तसं नाही. म्हणून सहकारी कारखाना कंपनीच्या हाती जातो तेव्हा नुसती यंत्रं आणि जमीन जात नाही, वीस गुंठेवाल्याचं मतही जातं. ते मत लिलावाच्या किमतीत धरलेलं नसतं.

नोटीस कुणाला येते

२००२ मध्ये केंद्राने बँकांच्या वसुलीसाठी कायदा केला. सरफेसी या नावाने तो सगळ्यांना ठाऊक आहे. कर्ज थकलं की बँक ६० दिवसांची नोटीस देते. त्या मुदतीत पैसे भरले नाहीत, तर कोर्टाची पायरी न चढता बँक तारण ठेवलेली मालमत्ता ताब्यात घेते आणि विकते. दाद मागायची तर कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, तीही ४५ दिवसांच्या आत.

साखर कारखान्याच्या बाबतीत ही नोटीस जाते कुणाकडे? कर्जदार संस्थेकडे, म्हणजे संचालक मंडळाकडे. ज्यांनी कर्ज काढलं, ज्यांनी ते थकवलं, त्यांच्याच टेबलावर ती पडते. सभासदाच्या घरी काही येत नाही. न्यायाधिकरणात जायचं की नाही हेही तेच संचालक ठरवतात. सभासद जागा होतो तेव्हा मुदत संपलेली असते.

याच कायद्याच्या ३१ व्या कलमात एक सूट आहे, ती प्रत्येक ऊसकऱ्याने पाठ करावी. शेतजमिनीच्या तारणाला हा कायदा लागू होत नाही. शेतकऱ्याची जमीन बँकेने कोर्टाबाहेर विकू नये, इतकी समज कायदा करणाऱ्यांना होती. पण त्याच शेतकऱ्यांनी एकत्र येऊन, त्याच जमिनीतल्या पिकाच्या पैशातून बांधलेला कारखाना मात्र साध्या गोदामासारखा विकता येतो. एकट्या शेतकऱ्याला जे संरक्षण आहे, ते हजारो शेतकऱ्यांच्या संस्थेला नाही. ही चूक संसदेने दुरुस्त केली पाहिजे, आणि ती दुरुस्ती मागायचं काम आपल्या खासदारांचं आहे. सातारा, सांगली, माढा आणि हातकणंगले या चार मतदारसंघांत आपली गावं वाटली गेली आहेत. या चौघांनी मिळून हा एक प्रश्न लावून धरला, तर दिल्लीला ऐकावं लागेल.

याच कायद्याखाली विकल्या गेलेल्या जरंडेश्वरचं पुढे काय झालं? शालिनीताई पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा कारखाना विकत घेणाऱ्या कंपनीने जरंडेश्वर शुगर मिल्स या दुसऱ्या खासगी कंपनीला भाड्याने चालवायला दिला. जुलै २०२१ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने कारखान्याची जमीन, इमारती आणि यंत्रसामग्री जप्त केली. विक्री कमी किमतीत झाली आणि प्रक्रिया नीट पाळली गेली नाही, असं संचालनालयाचं म्हणणं. विक्रीनंतर याच कारखान्याच्या आधारावर जिल्हा बँक आणि इतरांकडून सुमारे ७०० कोटींची कर्जं उचलली गेली, हेही त्याच निवेदनात होतं. संबंधितांनी आरोप नाकारले. कोण दोषी, हे न्यायालय ठरवेल.

सभासदाचा प्रश्न मात्र न्यायालयाच्या निकालावर अवलंबून नाही. विक्रीनंतर विस्तार झाला, नवी यंत्रं बसली, हे मान्य. तरीही ज्या जागेच्या आणि परवान्याच्या जोरावर पुढे शेकडो कोटींची कर्जं मिळू शकतात, त्यांची किंमत २०१० मध्ये ६५ कोटी ७५ लाख कशी ठरली, याचं उत्तर सभासदाला विक्रीच्या आधी मिळायला हवं होतं. ते देण्याची सक्ती कुठल्याच कायद्यात नव्हती.

सरकारच्या २७ टक्क्यांसाठी सोळा वर्षं

आता साताऱ्यातलाच दुसरा व्यवहार शेजारी ठेवून बघा.

१९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली. राज्य सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांची भागीदारी होती. महामंडळाचा हिस्सा २७ टक्के, बजाजचा २४, बाकीचे शेअर जनतेकडे. कारखाना साताऱ्यात. परवाना राजच्या त्या काळात खासगी कंपनीला हवं तितकं उत्पादन वाढवता येत नव्हतं. सरकारी भागीदार सोबत घेतला की दार उघडायचं. ‘प्रिया’ स्कूटर साताऱ्याहून देशभर गेली आणि साताऱ्यातल्या कितीतरी घरांची चूल त्या कारखान्यावर पेटली.

२००३ मध्ये सरकारने आपला हिस्सा बजाजला विकायचं ठरवलं. किंमत जुळेना. लवाद नेमला गेला. लवादाने जानेवारी २००६ मध्ये शेअरला १५१ रुपये ६३ पैसे असा भाव दिला. महामंडळाला तो कमी वाटला, ते उच्च न्यायालयात गेलं. एकसदस्यीय पीठाने २०१० मध्ये निवाडा रद्द केला, खंडपीठाने २०१५ मध्ये तो पुन्हा कायम केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अखेर २०१९ मध्ये बजाज समूहाने तो हिस्सा घेतला. व्याजासह शेअरला सुमारे २३२ रुपये, एकूण साधारण ७१ कोटी ६० लाख.

तोवर स्कूटर बनणं थांबलं होतं. पण कंपनीकडे बजाज ऑटो आणि बजाज फायनान्सचे शेअर होते, आणि त्यांच्या जोरावर महाराष्ट्र स्कूटर्सच्या एका शेअरचा बाजारभाव हजारो रुपयांत गेला होता. जनतेच्या महामंडळाला मिळाले २३२. कारण किंमत २००६ च्या निवाड्याला बांधलेली होती आणि वर्षं कोर्टात गेली होती.

या व्यवहारात सरकारचं नुकसान झालं असं कुणाला वाटेल, मलाही वाटतं. तरी एक गोष्ट नाकारता येणार नाही. मालक म्हणून सरकारला विचारलं गेलं. त्याला किंमत अमान्य करता आली. तीन पायऱ्यांची न्यायालयं चढता आली. सोळा वर्षं भांडता आलं. जरंडेश्वरच्या सभासदाला मालक म्हणून सोळा दिवसही अधिकृतपणे कुणी विचारलं नाही. सरकारची २७ टक्के मालकी इतकी जपली जाते, तर सभासदांच्या मालकीचं मोल शून्य का?

दोन बँका, दोन न्याय

हाच प्रश्न बँकांनाही विचारून पाहू.

युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ मध्ये साताऱ्यात सुरू झाली, मुख्यालय शेवटपर्यंत साताऱ्यातच राहिलं. सांगली बँक १९१६ ची, सांगलीची. व्यापाऱ्यांच्या हळदीला, द्राक्षबागायतदारांना, मास्तरांच्या पगाराला या दोन बँकांनी जागा दिली. दोन्ही काही महिन्यांच्या अंतराने संपल्या.

२ सप्टेंबर २००६ रोजी युनायटेड वेस्टर्नवर निर्बंध आले. खात्यातून दहा हजारांवर रक्कम काढता येईना. महिनाभरात, ३ ऑक्टोबरला, ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. भागधारकाला शेअरमागे २८ रुपये. बँकिंग नियमन कायद्याच्या ४५ व्या कलमाखाली हे झालं, त्यात भागधारकांच्या मतदानाची अट नाही. सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली, ती त्याच कायद्याच्या ४४ अ कलमाने. तिथे भागधारकांची सभा लागते आणि दोन तृतीयांश मूल्याचं बहुमत लागतं. कर्मचाऱ्यांचा विरोध होता, पण सभा झाली, मतदान झालं. सांगलीच्या भागधारकाला निदान हात वर करायची संधी मिळाली. साताऱ्याच्या भागधारकाच्या हातात थेट २८ रुपये पडले. ठेवीदारांचे पैसे वाचवायची घाई होती हे मी समजू शकतो, आणि ठेवीदार वाचले हे चांगलंच झालं. पण घाईची सवय लागली की मग प्रत्येक वेळी मालकाला वगळणं सोयीचं वाटू लागतं.

सातारकरांची खासगी बँक आयडीबीआयमध्ये गेली तेव्हा आयडीबीआय सरकारी मालकीची होती. २०१९ मध्ये आयुर्विमा महामंडळाने तिचे ५१ टक्के घेतले आणि रिझर्व्ह बँकेने तिला खासगी बँकांच्या यादीत टाकलं. केंद्र सरकार आणि आयुर्विमा महामंडळ यांचा मिळून हिस्सा नंतरही ९४ टक्क्यांच्या वर होता. सरकारी विमा कंपनी आणि सरकार मिळून मालक, तरी नाव खासगी. मग त्यातलाही मोठा हिस्सा विकायला काढला. त्यासाठी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, २०२२ मध्ये इच्छुकांकडून अर्ज मागवले, ६०.७२ टक्के विकायचं ठरलं, रिझर्व्ह बँकेची छाननी लागली. इतक्या चाळण्या सरकारच्या मालकीसाठी. कारखान्याच्या सभासदासाठी एक जाहिरात.

भाड्याचं घर, मालक बाहेर

सांगलीच्या शेतकरी, म्हणजे आजच्या वसंतदादा कारखान्याची गोष्ट लिलावाची नाही, भाडेपट्ट्याची आहे. गाळपाच्या क्षमतेसाठी एकेकाळी आशियात नाव असलेला हा कारखाना कर्जात बुडाला आणि २०१७ मध्ये दहा वर्षांच्या कराराने श्री दत्त इंडिया या खासगी कंपनीकडे चालवायला गेला. कागदावर मालकी सभासदाची राहिली. चिमणी पुन्हा पेटली, उसाला काटा मिळाला, कामगाराला काम मिळालं. विक्रीपेक्षा हे बरं, असं मी मोकळेपणाने म्हणतो. पण भाडेपट्ट्याच्या काळात सभासदाला किती हिशेब दिसतो? भाड्याचा पैसा कुठल्या कर्जात किती गेला? यंत्रं परत मिळतील तेव्हा कुठल्या स्थितीत असतील? हे दरवर्षी एका पानावर छापून प्रत्येक गावच्या सोसायटीत लावलं पाहिजे. मुदत संपायच्या आदल्या महिन्यात जाग येऊन उपयोग नाही.

याच कंपनीकडे फलटण तालुक्यातल्या साखरवाडीचा जुना खासगी कारखानाही आला, तो दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून. साखरवाडीने मालकीचे सगळे खेळ पाहिलेत. खासगी कंपनीने उसासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. कमाल जमीनधारणेच्या कायद्यानंतर राज्य शेती महामंडळ १९६३ मध्ये झालं आणि कंपन्यांच्या जमिनी सरकारी महामंडळाकडे गेल्या. कारखाना खासगी, जमीन सरकारी आणि मूळ खंडकरी शेतकरी दोघांच्याही दारात. आपल्याच जमिनीसाठी खंडकऱ्यांच्या पिढ्या अर्ज घेऊन फिरल्या. सरकारने घेतलं म्हणजे जनतेला मिळालं, असं म्हणणाऱ्याने एकदा खंडकऱ्याच्या घरी जाऊन बसावं.

दिवाळखोरीच्या कायद्यात पैसे वाटायचा क्रम ठरलेला असतो. तारण असलेली बँक आणि कामगारांचे २४ महिन्यांचे पगार वरच्या ओळीत. तारण नसलेली देणी खूप खाली. ऊस घालून बिलाची वाट बघणाऱ्याकडे कसलंच तारण नसतं. त्याने ऊस दिला, तोच त्याचा भरवसा. ऊस नियंत्रण आदेश सांगतो की १४ दिवसांत पैसे द्या, नाहीतर साखर आयुक्त महसुली थकबाकीसारखी वसुली लावू शकतात. एक कायदा ऊसकऱ्याला पहिला मानतो, दुसरा त्याला रांगेच्या टोकाला उभा करतो. कारखाना हात बदलतो त्या दिवशी नेमका दुसरा कायदा चालतो.

आपलंही चुकलंय

खासगी मालकाला शिव्या घालून हा लेख संपवणं सोपं आहे. ते प्रामाणिकपणाचं होणार नाही.

राज्यात गाळप करणाऱ्या सुमारे २०० कारखान्यांत आज जवळपास निम्मे खासगी आहेत. एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्याने ठरलेला किमान दर, दोघांनाही सारखीच बंधनकारक. काही खासगी कारखाने वेळेवर बिल देतात, काही सहकारी कारखाने ते वर्ष वर्ष थकवतात. ऊसकरी वेडा नाही. ज्याचा काटा सरळ आणि पैसा वेळेवर, तिकडे तो टोळी वळवतो. सहकारी कारखाने बुडाले ते काही फक्त दुष्काळाने किंवा साखरेच्या पडलेल्या भावाने नाही. गरजेपेक्षा दुप्पट नोकरभरती, पाहुण्यारावळ्यांना ठेके, निवडणुकीच्या तोंडावर न परवडणारा दर, क्षमता वाढवायला काढलेलं अवाढव्य कर्ज, आणि या सगळ्यावर वार्षिक सभेत दहा मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’. हे ‘मंजूर’ म्हणणारे आपणच होतो. सवलतीच्या साखरेचं पोतं घेतलं, जेवण केलं आणि अहवाल न वाचता घरी आलो.

दुसरी बाजूही आहे. वाळव्याच्या हुतात्मा कारखान्याने काटकसरीने कारभार केला आणि दराच्या बाबतीत मोठमोठ्या कारखान्यांना मान वर करून उत्तर दिलं. भुईंजचा किसन वीर कारखाना कर्जात रुतला होता, तेव्हा सभासदांनी २०२२ च्या निवडणुकीत संचालक मंडळ बदललं आणि कारखाना सहकारातच राखला. रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्याची निवडणूक आमदारकीपेक्षा चुरशीची होते, याबद्दल लोक नाकं मुरडतात. मला तर ती चुरस निरोगी वाटते. जिथे सभासद भांडतो, तिथला कारखाना सहसा लिलावात निघत नाही.

जतचं उदाहरण वेगळं आहे. तिथला राजे विजयसिंह डफळे कारखाना लिलावात निघाला आणि साखराळ्याच्या राजारामबापू पाटील सहकारी कारखान्याने तो घेतला. कारखाना सहकारात राहिला. पण जतचा जुना सभासद आपोआप नव्या मालकांत गणला गेला नाही, आणि कारखाना परत मिळावा ही मागणी त्या दुष्काळी तालुक्यात अजून जिवंत आहे. म्हणजे घेणारा सहकारी की खासगी, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न तोच: ज्याचं होतं त्याला विचारलं का?

पाच अटी

उद्योगाने कधीच हात बदलू नयेत, असं मी म्हणत नाही. बुडालेला कारखाना गंजत ठेवण्यापेक्षा चालू राहिलेला बरा. पण हात बदलायच्या अटी कायद्यात हव्यात, आणि त्या अशा असाव्यात.

एक. कारखान्याची विक्री असो की पाच वर्षांवरचा भाडेपट्टा, सभासदांची विशेष सभा आणि गुप्त मतदान सक्तीचं करा. बँकेची नोटीस संचालकांसोबत प्रत्येक सभासदाला गेली पाहिजे.

दोन. मूल्यांकन दोन स्वतंत्र संस्थांकडून करून घ्या आणि लिलावाच्या आधी मराठीत गावोगाव जाहीर करा. त्यात जमीन, डिस्टिलरी, सहवीज तर धराच, परवान्याचीही किंमत धरा. दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतर ठेवायचा नियम आपल्या राज्यात आहे, म्हणजे परवाना विकत घेणारा त्या परिसरातल्या उसावरचा हक्कच जवळपास विकत घेतो. तो फुकट का द्यायचा?

तीन. पहिला हक्क सभासदांच्या नव्या संस्थेला, दुसरा शेजारच्या सहकारी कारखान्याला, जुन्या सभासदांना सभासदत्व देण्याच्या अटीवर. पैसा उभा करायला एक पूर्ण हंगाम मिळाला पाहिजे. राज्य सरकार निवडक कारखान्यांना थकहमी देतंच, ती निकषावर द्यावी.

चार. विक्रीच्या पैशातला ठरावीक वाटा कामगारांची देणी, थकलेली ऊसबिलं आणि सभासदांच्या ठेवी यांच्यासाठी आधी बाजूला काढा. बँक म्हणेल, आमच्याकडेही ठेवीदारांचा पैसा आहे. खरं आहे. मग परतफेडीची शक्यता न बघता कर्ज मंजूर करणाऱ्या बँकेच्या संचालकांनीही त्या तोट्याचा भार उचलावा.

पाच. कर्ज देणाऱ्या बँकेचा आजी-माजी संचालक, त्याचे नातेवाईक आणि त्यांच्या कंपन्या यांना तो कारखाना घ्यायला कायमची बंदी. दिवाळखोरीच्या कायद्यात २०१७ पासून २९ अ हे कलम आहे, कर्ज बुडवणाऱ्या प्रवर्तकाला मागच्या दाराने कंपनी परत घेता येऊ नये म्हणून. सहकारी बँकांच्या लिलावालाही तशीच भिंत घाला.

यातली एकही अट अवघड नाही. सरकार स्वतःची मालमत्ता विकताना जे करतं, त्याच्या निम्मंही मी मागत नाही. अडचण कायद्याच्या भाषेची नाही, इच्छेची आहे. कारखाने चालवणारे, बँका चालवणारे आणि कायदे करणारे आपल्या भागात बरेचदा एकाच घरात जेवायला बसतात. त्यांच्याकडून आपणहून ही दुरुस्ती येणार नाही. ती खालून रेटावी लागेल, आणि रेटायची जागा ठरलेली आहे.

सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. ज्यांचा भाग आहे त्यांनी यंदा अहवाल आधी मागून घ्या. ताळेबंदातलं कर्जाचं पान काढा, तारण काय काय ठेवलंय ते विचारा, बँकेची एखादी नोटीस आली आहे का ते लेखी विचारा. ‘सभासदांच्या मताशिवाय विक्री किंवा भाडेपट्टा नाही’ हा ठराव सूचक आणि अनुमोदकाच्या नावासह मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. वीस गुंठे असोत की वीस एकर, मत एकच आहे. ते हातात आहे तोवर वापरा.